न पिकलेली जखम

वडगाव, ता. चोपडा
३ ऑक्टोबर १९९४

सुगराअक्कास कलाचा जय भीम आणि सलाम.

अक्का, तू तुझ्या चिंधाला दवाखान्यासाठी जळगावला घेऊन गेलीस तेव्हापासून घर खायला उठतं. बघ, "तुझ्या" लिहिलं. आत्या समोरच बसलीय ज्वारी निवडत. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. सासू झाली तरी आधी ती माझी सख्खी आत्या. लहानपणापासून तिचं ऐकायची सवय, आता कशी मोडू?

माझा पहिला मुलगा गेला म्हणून हा चिंधा जन्मला त्याच सकाळी आत्यानं त्याला सुपात घालून तुझ्या उंबऱ्यावर ठेवला. तू सत्तारभाऊच्या गादीच्या कापडाची लाल चिंधी दिलीस आणि त्याला विकत घेतलंस. तेव्हा तू शेजारी होतीस, आता मेहरूणला गेलीस. पण तिसऱ्या वर्षी जावळ काढेपर्यंत तो तुझा. तोवर मी त्याला माझा म्हणायचं नाही. तोंडानं नाही, कागदावर पण नाही. म्हटलं की त्या न्यायला येणाऱ्याला घर सापडतं. आत्या असंच म्हणते. चिंधी माझ्या उशाखाली आहे.

आमचे मालक यादव, त्यांना यातलं काही माहीत नाही. ते केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला गेलेत. विहारात बसणारा माणूस, त्यांना कळलं तर आईला पण सोडणार नाहीत.

चिंधाच्या मांडीची जखम कशी आहे? नुसतं खरचटलं होतं गं. एवढे दिवस लागतात का? नर्सबाईनं मला उठू नको सांगितलंय, सातवा महिना लागलाय आणि मधे थोडं रक्त गेलं. नाहीतर मीच आले असते. पण आले असते म्हणजे तरी कशी? चोपड्याची मोटर आमच्या फाट्याला थांबते कुठं. हात केला की ड्रायव्हर तिकडच्या केळी बघतो.

कार्ड टाकू नको. तोताराम पोस्टमन पारावर बसून मोठ्यानं वाचतो. हिलालभाऊच्या जावयाचं भांडण बठ्ठ्या गावाला पाठ आहे. पाकीटच टाक.

तुझी कला


मेहरूण, जळगाव
९ ऑक्टोबर १९९४

कला हिस सुगराबीची दुवा.

बेटी, घाबरणं सोड. तुझा (माझा!) चिंधा चांगला आहे. इथल्या डॉक्टरला दाखवला. त्यानं पट्टी सोडली, दाबून बघितलं, म्हणाला, "जखम मोठी आहे, पण एकदम स्वच्छ. पू नावाला नाही." मी म्हटलं, साहेब, याच्या जखमेला कधीच पू धरत नाही. तर म्हणाला, "मग नशीबवान आहे." द्रौपदाआत्याला सांग, तिचंच खरं. गावात सगळ्यांना सांगायची ना, "आमना पोऱ्यानं रगत चोखं शे." पोराचं रक्त चोखंच निघालं.

नाव लिहिणाऱ्यानं आईचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, परत पोराकडं बघितलं. मी म्हटलं, "अल्लानं उशिरा दिलं, आता परत करू का?" गप लिहिलं बिचाऱ्यानं.

घरी सगळे त्याच्या मागं आहेत. आमचे सत्तार कापूस पिंजायला बसले की हा मांडी घालून समोर. पिंजणाची तांत वाजली की मान हलवतो. काल मूठभर कापूस तोंडात कोंबला. माझ्या अमिनानं काढला तर तिचं बोट चावला. हिरड्या सुजल्यात थोड्या, अंग कोमट आहे. दात येत असतील.

पट्ट्या झाल्या की डॉक्टर या आठवड्यात मोकळा करतो म्हणालाय. मग मीच वडगावला आणून सोडीन. तू पडून राहा.

सुगराबी


वडगाव
१४ ऑक्टोबर १९९४

अक्का,

त्याला घरी आणू नको.

पू नाही म्हणून खुश होऊ नको. त्या डॉक्टरचं ऐकू नको. मोठ्या दवाखान्यात ने. जळगावला होत नसेल तर धुळ्याला ने. पण इकडं आणू नको.

का म्हणून विचारू नको. मला लिहिता येत नाही.

आणू नको, अक्का. पाया पडते.

कला


मेहरूण
१९ ऑक्टोबर १९९४

कला,

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. अमिनाकडून पण वाचून घेतली, म्हटलं माझी अक्षरओळख कमी पडत असेल. नाही. "घरी आणू नको" हेच लिहिलंय.

नवीन येणार म्हणून जुनं नकोसं झालं का गं? दुखण्याचं पोर कुणाला नको असतं, समजतं मला. पण एक हात चिंधी दिली म्हणून पोर खरंच माझं झालं? मी ते तुझ्या आत्याच्या समाधानासाठी केलं. तिनं माझे सहाच्या सहा जिवंत बघितले, मला म्हणाली, "सुगरा, तुना हात लागू दे." मी हात लावला. मी काही अनाथाश्रम नाही उघडला. शेजारणी विचारतात, "यह किसका उठा लाई?" मी हसून घालवते. रोज हसवत नाही.

रागाचं लिहून झालं. आता दुसरं. त्याला ताप चढलाय. मांडीची जखम कडेनं काळी पडली. पू अजून नाही. मी कांदा भाजून बांधला, हळद-पीठ बांधलं, पिकेल तर मोकळं होईल म्हणून. पिकत नाही. नुसतं आत जातंय.

मला एकच सांग. तुझ्या पहिल्याला नक्की काय झालं होतं? बाळंतपण जामनेरला तुझ्या माहेरी, तो गेला पण तिकडंच. आमच्या कानावर फक्त "ताप आला" एवढं आलं. खरं ताप होता का?

सुगराबी


वडगाव
२४ ऑक्टोबर १९९४

अक्का,

नकोसा नाही गं. असं मनात पण आणू नको. तू असं लिहिलंस आणि मी दोन घास पण खाल्ले नाहीत. आत्या म्हणते, पोटातल्याला उपाशी मारशील. जेवले मग.

पहिल्याला तापच होता. बाकी काही नाही.

तू डॉक्टरला एवढंच विचार, "पू का येत नाही?" मी विचारायला सांगितलं म्हणू नको. तुला वाटलं म्हणून विचार. हाच एक प्रश्न विचार, दुसरा राहिला तरी चालेल.

आत्या उठून आलीय, विचारते, "काय लिखी ऱ्हायनी एवढं?" सांगितलं, कापसाचा भाव विचारते सत्तारभाऊला.

कला


धुळे
२ नोव्हेंबर १९९४

कला,

ही चिठ्ठी धुळे-चोपडा मोटरच्या कंडक्टरच्या हाती देते. भला माणूस वाटला. फाट्यावर गाडी थांबवत नसतील तर चालत्या गाडीतून फेक म्हटलं, पण पोचव.

आम्ही धुळ्याला मोठ्या दवाखान्यात आहोत. चिंधाच्या छातीत पण उतरलं. श्वास घेताना बरगड्या मोजून घ्याव्या अशा दिसतात. खोटं लिहायचं होतं तुला, तू अवघडलेली म्हणून. पण आता खोट्याला जागा राहिली नाही.

इथं एक डॉक्टरीणबाई आहेत. तरुण आहेत, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. मी तुझा प्रश्न विचारला, "बाई, याला पू का येत नाही?" त्या पुढच्या खाटेकडं निघाल्या होत्या, तशाच मागं फिरल्या. "कधीच येत नाही?" म्हटलं, कधीच नाही. मग त्यांनी रक्त तपासायला नेलं. म्हणाल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी याच्या रक्तात हव्या त्याच्या कितीतरी पट जास्त आहेत, पण जखमेत एक पण दिसत नाही. असं कसं?

मग मला विचारायला लागल्या. "याच्याआधी एखादं मूल गेलंय?" मी म्हटलं, मला सहा, बठ्ठे जिवंत. "नवरा नात्यातला?" मी म्हटलं, नाही, ते शिरपूरचे, मी यावलची. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मग माझा अंदाज चुकला." आणि कागद मिटला.

अजून ऐक. चिंधाच्या अंगात रक्त उरलं नाही, बाटली लावायची होती. त्याचा गट ओ म्हणाले, म्हणून ओची बाटली आणली. बाटलीतलं थोडं त्याच्या रक्ताशी मिळवून बघितलं तर दह्यासारख्या गुठळ्या. दुसरी आणली, तसंच. मग माझं घेतलं. माझं बघून तो रक्तपेढीवाला डॉक्टरीणबाईच्या कानाशी लागला. माझा गट एबी. म्हणतो, एबीवाल्या बाईच्या पोटी ओचं पोर येतच नाही. ही याची आई असूच शकत नाही.

तेव्हापासून दाराशी एक हवालदार बसलाय. "बाई, पोर कुठून आणलं?" मी म्हटलं, "विकत घेतलं." अगं तोंडातून गेलंच! आता तो उठायचं नाव घेत नाही. सत्तार येऊन त्याला चहा पाजतात, तो चहा पितो आणि परत तेच विचारतो. दिवस कसले आहेत तुला माहीत आहे. बुरख्यातल्या बाईकडं दुसऱ्याचं पोर, लोक दारातून डोकावून बघतात.

मी हवालदाराला भीत नाही. तुझ्या आत्याला शब्द दिलाय म्हणून गप्प होते. पण आज डॉक्टरीणबाई माझ्याजवळ खाली बसल्या, फरशीवर. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कोण आहात याच्याशी मला देणंघेणं नाही. पण याच्या खऱ्या आईला जे माहीत आहे ते मला कळलं नाही, तर मी डोळे बांधून औषध देतेय."

कलाचा पोऱ्या आहे, एवढं मी आत्ता उठून सांगीन. शब्द मोडला तर माझ्या माथी. पण त्या पुढं विचारतील, पहिला कशानं गेला? त्याचं मी काय सांगू? ते तुझ्याजवळ आहे.

बोल बेटी. नाहीतर नंतर बोलून उपयोग नाही.

सुगराबी


वडगाव
३ नोव्हेंबर १९९४

सुगराअक्का,

कंडक्टरनं चिठ्ठी दिली. खिडकीतून दिली, गाडी हळू केली फक्त.

हिलालभाऊ धुळ्याला कापूस घेऊन चाललाय, त्याच्याजवळ ही देते. त्याचा टेम्पो भरलाय, मला बसायला जागा नाही. मी पण निघतेय, पण मोटर थांबली तरच. मी नाही पोचले तरी ही पोचेल. डॉक्टरीणबाईला वाचून दाखव. हवालदाराला पण दाखव.

पहिल्याचं नाव आनंद. जामनेरला झाला. गोरा होता, चिंधापेक्षा गोरा. सहाव्या महिन्यात काखेत गाठ आली. सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. माझ्या आईनं पोटीस बांधलं, पिकून फुटेल म्हणून. पिकलं नाही. न्हाव्यानं चिरलं तर आतून नुसतं पाणी आणि रक्त. पू नव्हता, अक्का. एक थेंब नव्हता. सगळे म्हणाले, रगत चोखं आहे, लवकर भरेल. मी पण तेच म्हटलं. शेजारणीला सांगितलं, माझ्या लेकराची जखम बघ कशी धुतल्यासारखी. ती जखम तशीच उघडी राहिली, हाडापर्यंत गेली. धुतल्यासारखीच होती, तो गेला त्या दिवशी पण.

तू लिहिलंस "पू नावाला नाही", तेव्हाच मला कळलं. तेव्हाच सांगायचं होतं. पण आत्यानं शपथ घातली होती. पहिल्याच्या दुखण्याचं वर्णन करायचं नाही, केलं तर ते दुखणं दुसऱ्याचा पत्ता विचारत येतं. मला वाटलं, मी लिहिलं आणि तो गेला तर मीच मारला. आता वाटतं, नाही लिहिलं आणि गेला तर?

आणखी डॉक्टरीणबाईला सांग, यादव माझा आतेभाऊ. माझा बाप आणि त्यांची आई सख्खे बहीणभाऊ.

आणि चिंधा माझा आहे.

लिहिलं. काही झालं नाही. आत्या चुलीशी बसलीय, कावळा ओरडतोय, छप्पर जागेवर आहे. माझा आहे. माझ्या पोटचा आहे. तो सुगराबीनं चोरला नाही, तिनं तो माझ्या जागी सांभाळला.

आता आत्याला तोंडावर सांगते आणि निघते.

कला


धुळे
२६ नोव्हेंबर १९९४

सुगराअक्कास कलाचा जय भीम, सलाम.

तू जळगावला पोचलीस का नीट? तुझ्यामागं खाट मोठी दिसते. चिंधा दाराकडं बघतो. डबा वाजला की त्याला वाटतं तूच आलीस.

त्या दिवशी मी आले कशी, ते तुला सांगायचंच राहिलं. आत्याला म्हटलं, मी जाते. ती दारात आडवी झाली. "तू माय म्हनीसन गयी तं तो मरी." तू आई म्हणून गेलीस तर तो मरेल. मी तिच्या अंगावरून ओलांडून गेले, अक्का. माझ्या बापाच्या बहिणीवरून. फाट्यावर मोटर आली, मी हात केला. ड्रायव्हरनं मान वळवली. मग मी डांबरावर मधोमध जाऊन उभी राहिले, पोट पुढं करून. असा ब्रेक मारला की वरच्या कोंबड्यांच्या पाट्या खाली आल्या. ड्रायव्हर ओरडला, "सासूचा राग यष्टीवर काढते काय गं?" मी म्हटलं, "धुळाले मना आंडोर मरी ऱ्हायना. बसाडस का चिरडस?" धुळ्याला माझा मुलगा मरतोय, बसवतोस का चिरडतोस? कंडक्टरनं स्वतःची जागा दिली. तोच तुझा चिठ्ठीवाला.

इथं आले तेव्हा तू, डॉक्टरीणबाई आणि हवालदार, तिघं दाराशी. मी चिंधाला उचललं आणि म्हटलं, "हाऊ मना आंडोर शे." हवालदारानं टोपी घातली आणि तुला म्हणाला, "मावशी, चहाचं काय?" तेवढं तू बघितलंसच.

आता तू गेल्यावरचं सांगते. मुंबईहून तपासणी आली. डॉक्टरीणबाईनं मला खुर्चीवर बसवून समजावलं. मला समजलं तसं लिहिते.

पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर सारख्या वाहत असतात. कुठं जखम झाली की तिथल्या नसेच्या आतल्या भिंतीला जणू हात फुटतात. हे हात भलतंच काही धरत नाहीत. पेशीच्या अंगावर एक बारीक साखर असते, तीच ओळखून धरतात. धरली की पेशी थांबते, भिंतीतून बाहेर उतरते, जखमेत जाऊन लढते. लढून मेलेल्या पेशी, तोच पू. आपल्या चिंधाच्या पेशींवर ती साखरच चढत नाही. हात फुटतात, पण धरायला काही नाही. पेशी निसटून पुढं जातात.

मी म्हटलं, "म्हणजे बाई, फौज भरून मोटर येते, पण आमच्या फाट्याला थांबत नाही." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "असंच."

तीच साखर तांबड्या पेशींवर पण नाही. म्हणून ओच्या बाटल्या जुळल्या नाहीत. असलं रक्त मुंबईकडं पहिल्यांदा सापडलं, म्हणून त्या गटाला मुंबईचंच नाव. आपल्याकडं तो गट दुसऱ्या कारणानं पण काही लोकांत असतो, पण हजारो माणसांत एखादा. मुंबईला असा एक माणूस मिळाला, बँकेत नोकरीला आहे म्हणे. त्याचं रक्त बर्फाच्या पेटीतून रेल्वेनं आलं. त्या माणसाला काही माहीत पण नसेल, कुणाच्या अंगात गेलं ते.

मी विचारलं, मग साखर चारली तर? बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, ही चहातली साखर नव्हे. पण तुमचा प्रश्न येडा नाही, मोठे डॉक्टर पण तेच विचारतील एक दिवस. हे दुखणं नावानिशी कळून दोनच वर्षं झालीत, दूरच्या देशात दोन पोरं सापडली. तिसरा आपला चिंधा असेल असं त्यांना वाटलं होतं. पण तू म्हणालीस नवरा नात्यातला नाही, आधीचं कुणी गेलं नाही, म्हणून त्यांनी कागद मिटला होता. आनंदचं ऐकलं आणि परत उघडला.

बरा होणार नाही तो. पण रोज औषध घेतलं, खरचटलं तरी पळत दवाखान्यात आणलं, तर जगेल. जसा मोठा होईल तशी दुखणी कमी होतील. चालेल उशिरा, बोलेल उशिरा. मी म्हटलं, मला कुठं घाई आहे.

यादव आत्याला घेऊन आले. विकल्याचं कळलं तेव्हा आईवर धावून गेले, "आई, तू माझं पोर विकलंस?" आत्या म्हणाली, "इकं म्हनीसन तं जगना!" विकला म्हणूनच जगला म्हणे. तू सांभाळलास हे पण खरंच.

एक राहिलं. मी पोटावर हात ठेवला आणि बाईंना विचारलं, आणि हे? त्या म्हणाल्या, चार चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या तर त्यातली एक वाईट. कुठली हाती येईल, सांगता येत नाही.

अक्का, मी आता त्या टोपलीपुढं बसलेय.

तुझी कला


मेहरूण
१० फेब्रुवारी १९९५

कला हिस दुवा.

मुलगी झाल्याचं तोतारामनं गावभर वाचलेल्या कार्डातून कळलं. यादवनं कार्ड टाकलं तर! तो उलटा, सगळं उघड्यावर. मुबारक.

घर शांत आहे. सत्तार पिंजायला बसले की समोरच्या जागेकडं बघतात. परवा एक बोंड वेगळं काढून ठेवलं. म्हटलं, कशाला? म्हणाले, "कोई आया तो."

पोरीचं सांग. तिला कसली जखम झाली का? असं विचारायला पण जीभ वळत नाही. डॉक्टरीणबाईनं रक्त घेतलं असं कार्डात होतं, त्याचं काय आलं? रात्री नमाजनंतर मी तिच्यासाठी वेगळं मागते. काय मागायचं हेच कळत नाही. "अल्ला, हिला पू दे" असं मागते. असली दुवा कुणी मागितली नसेल.

सुगराबी


वडगाव
७ मार्च १९९५

अक्का,

रक्ताचा कागद अजून आला नाही. मुंबईला अडकलाय. पण ऐक.

पोरीच्या अंगाला मी कुणाला नख लावू देत नव्हते. आत्या रोज म्हणायची, पोरीची जात, कान उघडे, लोक हसतात. मी म्हटलं, कागद येईपर्यंत सुई दाखवायची नाही. गेल्या मंगळवारी चिंधाला घेऊन मी धुळ्याला तपासायला गेले. संध्याकाळी परत आले तर पोरीच्या कानात तार! चोपड्याच्या बाजारात नेऊन सोनाराकडून टोचून आणले. मी आत्याला काय काय बोलले, ते कागदावर मावणार नाही. ती म्हणाली, "माले काय माहीत, एवढुसा सुईले तू इतली भ्याशी!"

यादवनं कान स्पिरिटनं पुसले. उजवा बरा राहिला. डावा लाल झाला. मग सुजला, टणक झाला. तसाच, अक्का. आनंदच्या गाठीसारखा टणक. पोरगी रडली की मी कान बघायची, झोपली की मी कान बघायची. यादव म्हणाले, उद्या पहिल्या मोटरनं धुळ्याला. कपडे बांधून ठेवले. मी विहारात जाऊन बसले, आत्या मारुतीला जाऊन आली, आणि तुझी ती दुवा पण होतीच.

सकाळी तिला पाजायला घेतली तर माझ्या ब्लाउजला काहीतरी चिकटलं. बघते तर कानामागून ओघळ. पिवळा, दाट, घाण वासाचा. पू. खरा पू, अक्का!

मी आत्याला हाक मारली ती पळतच आली, तिला वाटलं मेलं कुणीतरी. मी तिच्या गळ्यात पडले आणि हसायला लागले. म्हणाली, "येडी व्हयनी का? पोरना कान पिकना आनि तू हासस?" पोरीचा कान पिकला आणि हसतेस! मी म्हटलं, आत्या, मोटर थांबली आमच्या फाट्यावर. तिला काही कळलं नाही. मी आळीत गूळ वाटला. शेजारची भिकुबाई विचारते, कशाचा? म्हटलं, कानाचा.

तरी धुळ्याला नेलंच. डॉक्टरीणबाईनं काचेवर तो पू घेतला, यंत्रात बघितलं, मग मला बोलावलं, "तुम्ही पण बघा." मी एका डोळ्यानं बघितलं. पेशी, बारीक बारीक, जांभळ्या रंगवलेल्या, गर्दीनं. आल्या होत्या सगळ्या. पोरीला औषध दिलं, आठवड्यात बरी होईल म्हणाल्या. मला म्हणाल्या, "आता कागदाची वाट बघू नका, तो नंतर येऊ दे."

चिंधा भिंत धरून उभा राहतो आता. पाऊल टाकत नाही, पण उभा राहतो. तुझ्याकडं आणते उन्हाळ्यात. सत्तारभाऊंनी बोंड ठेवलंय ना?

पोरीला मी विकली नाही. आत्यानं सूप काढलं होतं, मी ते परत टांगलं. आणि तुझी लाल चिंधी परत पाठवत नाही, रागावू नको. उशाखालून काढली, दोनदा उकळली, उन्हात वाळवली. पोरीच्या कानाखाली घडी करून ठेवते, पू टिपायला.

तुझी कला